कमी ऐकू येणाऱ्या सुना

मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. त्यात एक धडा आहे, समाज कशामुळे बदलतो आणि लोक त्या बदलाला विरोध का करतात याचा. नगर रस्त्याची धूळ खात वाघोलीच्या अलीकडे आमच्या कॉलेजात पोचायचं आणि फळ्यावर लिहायचं: शिक्षण, कायदा, तंत्रज्ञान, शहरात येणारी नवी माणसं. मग मधे रेघ मारून विरोधाची कारणं: सवय, लोकांची भीती, हातातलं जाईल ही धास्ती. मुलं निमूट उतरवून घेतात. इतकी वर्षं हा धडा शिकवूनही घरात मला त्यातलं काहीही उपयोगी पडलेलं नाही, आणि हे मी चिडूनच लिहितेय. ज्यांना शांतपणे लिहिलेलं वाचायचं असेल त्यांनी खुशाल दुसरं काही वाचावं.

आणखी एक आधीच सांगून ठेवते. यात कुणाचंही नाव येणार नाही. सगळी भानगड नावांवरूनच झालेली आहे. एकीचं लिहिलं तर दुसरीला वाटेल माझं का नाही, आणि माझं लिहिलं तर जुनं का, नवं का नाही. तेव्हा आई, मुलगी, नवरा आणि विहीणबाई एवढ्यावरच मी भागवणार आहे.

आधी आईबद्दल. ती कसबा पेठेत एकटी राहते, जुनं घर पाडून बांधलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. ऐंशीच्या घरात आली तरी भाजी स्वतः आणते, आणि भाजीवाल्याने कोथिंबिरीची जुडी दाखवली की "ही काल संध्याकाळी आणली होतीस का परवा?" एवढंच विचारते. कान इतके तिखट की शेजारच्या फ्लॅटमधला कुकर किती शिट्ट्यांवर बंद झाला ते ती इकडून सांगते. म्हणूनच आमच्या घरातली एक जुनी गोष्ट मला नेहमी विचित्र वाटायची.

गोष्ट अशी, की लग्नानंतर पहिली दीड-दोन वर्षं आईला कमी ऐकू यायचं. माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, हे फार रंगवून सांगायची. हाक मारली की नवी सून आपली ढिम्म. तीन-चार हाका झाल्या, कुणी समोर जाऊन उभं राहिलं, की मग वर बघायची. बहिरी मुलगी गळ्यात मारली म्हणून आजोबा तिच्या माहेरच्यांना जाब विचारायला निघाले होते, आजीने त्यांना अडवलं. डॉक्टरकडे नेलं, त्याने दोन्ही कानांत बॅटरी मारून सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. डॉक्टरला काही कळत नाही असं ठरवून आजीने स्वतःच औषध सुरू केलं. रोज संध्याकाळी तेलात लसूण कडकडवायचा, तेल कोमट होऊ द्यायचं आणि सुनेचं डोकं मांडीवर घेऊन कानांत दोन-दोन थेंब सोडायचे. त्या तेलाने कान सुटले, असं आजी छाती पुढे काढून सांगायची. नात्यात अजून कुणाचा कान दुखला की ते तेल सांगतात. आई यावर कधी बोलली नाही आणि सगळे हसायचे तेव्हा हसलीही नाही. तिच्या जुन्या दुखण्यांपैकी एक, असं समजून मीही ते सोडून दिलं होतं.

आता नावाचं. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत आहे. आडनाव नव्हे, ते तर गृहीतच. पाळण्यात ठेवलेलं नाव. मुलगी सासरी आली की लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरतात, नवरा सोन्याच्या अंगठीने त्यात नवं नाव लिहितो, पेढे वाटले जातात, आणि सकाळी एका नावाने उठलेली मुलगी दुसऱ्या नावाने झोपायला जाते. नवं नाव निवडतात सासरचे. मुलीला विचारतात का? हल्ली विचारतात म्हणे.

आईचं नाव बदललं, कारण तिच्या नावाची एक नणंद त्या घरात आधीच होती. दोघींना एका हाकेला उठायला नको, इतका साधा हिशेब. पुढच्याच वर्षी ती नणंद लग्न होऊन गेली आणि तिकडे तिचंही नाव बदललं. म्हणजे ज्या नावाची अडचण होती ते नाव त्या घरात कुणाचंच उरलं नाही. आता ते सुनेला परत द्यावं, असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. पुढे फक्त माझा मामा तिला त्या नावाने हाक मारायचा, आणि तो गेल्यापासून ते नाव कुणाच्या तोंडून ऐकलेलं मला आठवत नाही.

हे सगळं बघत मोठी झालेली मी माझं नाव बदलू देणार नव्हतेच. होणाऱ्या नवऱ्याला आधीच बजावलं होतं, त्याने मान डोलावली होती. मान डोलावणं हा माझ्या नवऱ्याचा स्वभावच आहे. तो कशाला विरोध करत नाही आणि कशात मदतही करत नाही. लक्ष्मीपूजनाला बसलो तर समोर ताटात तांदूळ पसरलेले, आणि सासूबाईंनी निवडलेलं नाव त्यांच्या सगळ्या बहिणींना पाठ. नाव बदलणार नाही, असं मी चारचौघांत सरळ सांगितलं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, स्वतःच्या आईकडे पाहिलं, अंगठी उचलली आणि तांदळात स्वस्तिक काढलं. "नाव मनात लिहिलंय," म्हणाला. कोणतं ते त्याने आजतागायत सांगितलेलं नाही.

सासूबाईंनी त्यावर एक अक्षर काढलं नाही. मात्र त्या असेपर्यंत त्यांनी मला कुठल्याच नावाने हाक मारली नाही. "अगं", "ऐकलंस का", "इकडे ये बघू", यावर त्यांनी सगळा संसार निभावला. तेही एक वेळ मी समजू शकत होते. मला समजली नाही ती माझी आई. त्याच संध्याकाळी तिने मला कोपऱ्यात घेतलं आणि दातओठ खात म्हणाली, "एवढंसं काय मागितलं होतं त्यांनी? दिलं असतंस तर झिजली असतीस का? सगळ्यांची तोंडं कडू केलीस." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिचं स्वतःचं नाव पुसलं गेलं तिने तरी माझ्या बाजूने उभं राहावं की नाही? धड्यात लिहिलंय, ज्याच्या हातातलं जाणार असतं तो विरोध करतो. आईच्या हातातलं तर केव्हाच गेलेलं होतं. मग ती का अशी चवताळली, ते मला कळेना.

पुढे नाव बदलणं आपोआप कमी होत गेलं. नात्यातल्या मुली एकामागून एक आपापल्या नावानेच सासरी राहिल्या. मी मनातून फुशारले. आम्ही भांडलो, व्याख्यानं दिली, लेख लिहिले, त्याचं हे फळ. बँकेत काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीने त्या फुग्याला टाचणी लावली. "कसली व्याख्यानं घेऊन बसलीस! पॅनवर एक नाव, आधारवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं झालं की व्हिसा अडकतो. लोक त्या कटकटीला घाबरतात." मला राग आला, पण ती खरं बोलत होती. माणसं विचार पटला म्हणून बदलत नाहीत, कटकट वाचते म्हणून बदलतात. आणि कटकटीपायी सोडलेली गोष्ट कटकट नसेल तेव्हा आनंदाने परत आणतात, हे मला माझ्या मुलीने दाखवलं.

मुलगी हिंजवडीला एका कंपनीत आहे. हुशार आहे, तोंडाने फटकळ आहे, माझ्याच हाताखाली वाढलेली आहे. लग्न तिने स्वतः ठरवलं. मुलगा चांगला, घरचे चांगले, मी निश्चिंत होते. एका रविवारी पोहे खाताना ती म्हणाली, "आई, ते तांदळाचं ठेवूया आपण."

"कुठलं तांदळाचं?"

"नाव लिहायचं गं. त्यांच्याकडे करतात. काय ब्युटिफुल दिसतं! रील्समध्ये बघ ना, रोझ पेटल्स, दिवे, अंगठी."

"तुला नाव बदलायचंय?"

"नाही गं! डॉक्युमेंट्समध्ये काहीच चेंज होणार नाहीये. जस्ट रिच्युअल. फोटोपुरतं."

"मग फोटोपुरतं तुझंच नाव लिहा की."

"मग त्यात पॉइंट काय?"

मी चमचा खाली ठेवला. त्यात पॉइंट काय, हाच प्रश्न मी आयुष्यभर विचारत आले होते, फक्त दुसऱ्या बाजूने. मी बोलायला लागले. तिच्या आजीचं सांगितलं, माझं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुला नाही म्हणायचं होतं, तू म्हणालीस. मला हो म्हणायचंय. चॉइस आहे ना माझा? तूच शिकवलंस." नवऱ्याने मान डोलावली. आम्हा दोघींकडे बघून डोलावली.

तिच्याशी जमेना तेव्हा मी विहीणबाईंना भेटायला वाघोलीला गेले. कॉलेज सुटल्यावर थेट तिकडेच. मनात सगळे मुद्दे तयार होते. विहीणबाई सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या, हसऱ्या, पुढे-पुढे करणाऱ्या. मी विषय काढायच्या आत त्यांनीच काढला. "तुम्हाला सांगते ताई, मला दोन्ही मुलगेच. मुलगी झाली असती तर ठेवायचं म्हणून एक नाव मनात जपून ठेवलं होतं. तेव्हा मुलगी झाली नाही. आता येतेय घरात." असं म्हणताना त्यांचे डोळे भरून आले. पदराने डोळे पुसून त्यांनी मला आणखी दोन सुरळीच्या वड्या वाढल्या. त्या वड्या खाऊन, एकही मुद्दा न काढता मी घरी परत आले. कुणी दुष्ट भेटलं असतं तर मी त्याचा समाचार घेतला असता. या बाईचं करायचं काय?

लग्नात ताट आलं. गुलाबाच्या पाकळ्या आल्या, दिवे आले. जावयाने अंगठीने नाव लिहिलं. फोटोग्राफर म्हणाला, "सावली पडली, परत." तांदूळ हाताने सारखे केले, नाव परत लिहिलं. मग मुलीने खाली बघून लाजायचं राहिलं म्हणून आणखी एकदा. माझ्या लग्नात ज्या ताटावरून घरादाराची तोंडं वाकडी झाली, ते ताट इथे मिठाईसारखं फिरत होतं. मी पुढे सरकून बघायला लागले तर फोटोग्राफर मला म्हणाला, "काकू, जरा साइडला, फ्रेममध्ये येताय." मी साइडला झाले. विहीणबाईंनी नवं नाव मोठ्याने सांगितलं, टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या आईने पेढा घेतला आणि अर्धा पर्समध्ये ठेवून दिला.

फोटोपुरतं नाव फोटोत राहिलं नाही. आधी त्यांच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं. मग शेजाऱ्यांच्या तोंडी गेलं, मग दारावरच्या पाटीवर. एकदा मी विहीणबाईंना सहज फोन केला तर त्या म्हणाल्या की अमकी भाजी आणायला गेलीय. "कोण?" मी विचारलं. मला खरंच कळलं नाही, कुणी पाहुणी आलीय असं वाटलं. त्या खळखळून हसल्या. "अहो, तुमची लेक!" फोन ठेवल्यावर मी बराच वेळ ओट्याला टेकून उभी राहिले. रडू येत होतं आणि रडायला येतंय याचा राग येत होता.

मुलीला फोनवर विचारलं तर ती म्हणाली, "मी सांगणार होते गं. पण त्या इतक्या प्रेमाने हाक मारतात. ऑकवर्ड होतं. असू दे, सवय होईल." मग वेगळ्या आवाजात म्हणाली, "बाकी काही नाही. कंपनीची बस खराडीच्या पुढे आली ना, की वाटतं आता उतरल्यावर मी दुसरी." एवढं बोलून तिने लगेच विषय बदलला, आणि मी पुढे काही विचारलं तर चिडली. पण मला जे ऐकायचं ते मी ऐकलं होतं. माझ्या पोरीला ते नाव नको होतं आणि नको म्हणता येत नव्हतं. आणि मी काही बोलायला गेले असते तर जावयाच्या घरात नाक खुपसणारी आई ठरले असते.

मी सगळा राग कसब्यात जाऊन आईवर काढला. ती गवार मोडत बसली होती. मी अर्धा तास बोलले. तिने शेवटची शेंग मोडली आणि म्हणाली, "होते सवय."

"तुला काही वाटतच नाही का गं?" मी ओरडले. तिने गवारीची ताटली उचलली आणि ती आत गेली. लिफ्टने खाली येताना मी ठरवलं की या बाईशी या विषयावर पुन्हा बोलायचं नाही. भिंतीला समजावून सांगणं सोपं.

पहिली दिवाळी आली. पाडव्याला मुलगी-जावई आणि त्याचे आई-वडील आमच्याकडे जेवायला आले, आई आदल्या दिवसापासूनच आलेली. बाहेर हॉलमध्ये माझा नवरा, जावई आणि व्याही नगर रस्त्याच्या ट्रॅफिकवर बोलत होते, विहीणबाई सोफ्यावर फराळाचं कौतुक करत होत्या. आत मी पुऱ्या तळत होते. आई आणि मुलगी स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी पुलावासाठी मटार सोलत होत्या.

हॉलमधून विहीणबाईंची हाक आली. नव्या नावाने.

"आले हं आई!" म्हणत मुलगी लगेच उठली. त्यांना मोबाइलचा चार्जर हवा होता. तो देऊन ती परत येऊन बसली आणि शेंग हातात घेतली.

"पहिल्याच हाकेला?" माझी आई म्हणाली.

"काय आजी?"

"पहिल्याच हाकेला उठलीस. मला दोन वर्षं लागली होती."

मी पुरी उलटता उलटता थांबले. "आई, तेव्हा तुला ऐकू येत नव्हतं."

"मला? मला शेजारच्या घरातलं भांडण शब्दन् शब्द ऐकू यायचं." ती सोलत राहिली, आमच्याकडे न बघता. "ते नाव माझं नव्हतं. कुणाला मारायची त्याला मारोत हाक, असं मी मनात म्हणायचे आणि बसून राहायचे. कधीतरी चुकून माझ्या नावाने मारतील, तेव्हा उठू, असं ठरवलं होतं. त्यांना वाटलं, बहिरी सून निघाली."

"मग सांगायचंस की!"

"कुणाला? तोंड वर करून बोलायची सोय होती का? न ऐकणं तेवढं जमत होतं, ते केलं."

मुलीच्या हातातले मटार तसेच राहिले. "मग आजी? मग काय झालं?"

"मग हिच्या आजीने तेल सुरू केलं." आईने माझ्याकडे हनुवटी उडवली. "डोकं मांडीवर घ्यायच्या. थेंब आधी स्वतःच्या मनगटावर टाकून बघायच्या, पोळणार तर नाही. माझ्या आईने कधी इतक्या मायेने काही केलं नव्हतं, आम्ही सात भावंडं. आणि रोज विचारायच्या, आता येतंय का गं ऐकू? रोज. त्यांचं तोंड इतकं एवढंसं झालेलं असायचं. एक दिवस मलाच कसंतरी झालं. म्हटलं, येतंय." तिने रिकामी टरफलं एका बाजूला केली. "एकदा येतंय म्हटलं, की मग रोज यायला लागतं."

कढईत पुरी काळी झाली. मी ती काढली आणि गॅस बंद केला. इतकी वर्षं घरात ज्या गोष्टीवर सगळे हसत होते ती गोष्ट ही होती. "आणि माझ्या लग्नात?" मी म्हटलं. "मला का बोललीस एवढं? मी तेच करत होते ना?"

"तू सरळ नाही म्हणालीस. चारचौघांत. आणि काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही, कुणी तुला घराबाहेर काढलं नाही." आईचा आवाज पहिल्यांदाच चिरका झाला. "मला राग आला. इतकं सोपं होतं तर मला का नाही सुचलं?"

फळ्यावर विरोधाची कारणं लिहिताना हे कारण मी कधी लिहिलेलं नाही, आणि कुठल्या पुस्तकात मला ते सापडलेलंही नाही.

हॉलमधून परत हाक आली. नव्या नावाने. मुलगी अर्धी उठली. आईने तिच्या मनगटावर हात ठेवला.

"बस."

"आजी, त्या बोलावतायत."

"कुणाला?"

मुलगी बसली. तिसरी हाक आली, जरा मोठ्याने. आम्ही तिघी तशाच. मग पावलं वाजली आणि विहीणबाई दारात आल्या, हसतच. "अगं, कधीची हाका मारतेय! ऐकू येत नाही का?"

"नाही येत हिला," माझी आई म्हणाली. "आमच्यात आहे ते. लग्नानंतर बायकांना कमी ऐकू येतं."

"काय सांगताय आजी!" विहीणबाईंचा चेहरा खरोखर काळजीचा झाला. "डॉक्टरला दाखवलंत का?"

"डॉक्टरला कळत नाही ते. पाळण्यातल्या नावाने हाक मारून बघा एकदा. ते येतं ऐकू."

विहीणबाईंना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांच्या तोंडावरचं हसू हळूहळू उतरलं. "मी... मी प्रेमानेच मारते हो हाक," त्या म्हणाल्या.

"माहितीये की. तीच तर पंचाईत आहे," आई म्हणाली.

विहीणबाई मुलीकडे वळल्या. "तुला आवडत नाही का गं ते नाव?" मला वाटलं, आता ही असू दे म्हणणार, सवय झालीय म्हणणार. मुलीने खाली बघितलं, हातातली शेंग पिळली. "नाव छान आहे आई," ती म्हणाली. "माझं नाहीये." तिचा आवाज इतका बारीक होता की कढई तापत असती तर मला ऐकूही आला नसता.

जेवणं झाली. पुलाव चांगला झाला होता, पुऱ्या थोड्या कमी पडल्या. विहीणबाईंनी सगळ्याचं कौतुक केलं, पण मुलीकडे काही मागायचं असलं की त्या जावयाला सांगत होत्या. मला त्या क्षणी त्यांची कणव आली आणि माझ्या सासूबाईही आठवल्या. वाटलं, आता ह्यासुद्धा पुढची वीस वर्षं "अगं" वर काढणार. आमचं नशीबच तसं. एक नाव वाचवायला जावं तर हाकच बंद होते. नवरा आमच्याकडे बघून मान डोलावत होता. त्याला काय झालंय ते बहुधा कळलंच नव्हतं.

निघताना सगळे लिफ्टपाशी गेले. विहीणबाई आधी आत शिरल्या, पाठोपाठ व्याही आणि जावई. मुलगी दारापाशीच होती, वाकून सँडल घालत. आई माझ्या शेजारी उंबऱ्यात उभी होती. लिफ्टमधून विहीणबाईंनी हाक मारली, "चल गं," आणि पुढे, सवयीने, ते नाव. नाव तोंडातून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्या मधेच थांबल्या.

मुलीची बोटं पट्ट्यावर थांबली. तिने वर पाहिलं नाही. लिफ्टचं दार मिटायला लागलं, विहीणबाईंनी हात घालून ते अडवलं. पुन्हा मिटायला लागलं, पुन्हा अडवलं. त्या काही बोलत नव्हत्या, पण त्यांचे ओठ हलत होते, बहुधा दुसरं नाव जिभेवर आणून बघत होत्या. माझी मुलगी खाली वाकून सँडलचा पट्टा लावत राहिली. पट्टा तर मघाशीच लागला होता.